सुतकातले डोळे

आमच्या दुकानात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात डोळे होते. माणसांचे. जुन्या फोटोंतून कापलेले, जोडीजोडीनं, पातळ कागदात गुंडाळून ठेवलेले. पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे, म्हाताऱ्यांचे वेगळे. लेकरांचे सगळ्यात कमी. लग्न होऊन महागावला आले त्या पहिल्याच आठवड्यात, चहासोबत खायला काही मिळतं का म्हणून मी तो डबा उघडला. ओरडले नाही. नवी सून ओरडत नाही. पण त्या दिवशी चहा नुसताच प्यायले.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, काउंटरवरून बघत होते. ते एवढंच म्हणाले, "पाह्यलं ना? मंग आता शिकूनच घे." अशी मी या धंद्यात आले. आमचे हे फोटो काढायचे, लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप. मेलेल्या माणसांचं खातं माझ्याकडे आलं आणि तीसेक वर्षं माझ्याकडेच राहिलं. गावात मला अजूनही फोटोवाल्या काकू म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते मला माहीत आहे, ते इथे लिहीत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. माणूस गेला की घरच्यांना आधी रडायचं असतं आणि मग लगेच फोटो पाहिजे असतो. तेरवी असो की बौद्ध घरातलं पुण्यानुमोदन, समोर हार घालायला चेहरा लागतो. आणि पूर्वी खेड्यात अर्ध्या माणसांचा जिवंतपणी एकही फोटो नसायचा. मग घाईघाईनं कोणीतरी आमच्या ह्यांना बोलावून न्यायचं आणि हे तिरडी उचलायच्या आधी चेहऱ्याचा फोटो घेऊन यायचे. नाकात कापूस, डोळे मिटलेले. माझं काम त्या माणसाला जिवंत करायचं. कापूस काढायचा, जबडा वर घ्यायचा, टोपी घालायची, आणि शेवटी डोळे उघडायचे. आधी ब्रश आणि पेन्सिलनं, नंतर कॉम्प्युटरवर. डबा गेला आणि फोल्डर आलं. त्याचं नावही मी ‘डोळे’ असंच ठेवलं होतं. एकदा कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेला माणूस ते फोल्डर उघडून बसला आणि नंतर आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायला नाही.

मामाजींचे नियम होते. डोळे सगळ्यात शेवटी, मूर्तिकार करतात तसे. डोळे उघडले की फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवायची. पहिली नजरानजर घरच्या माणसाशी झाली पाहिजे, आपल्याशी नाही. आणि सुतकात असलेल्या माणसाचा फोटो काढायचा नाही, त्याचे डोळे तर मुळीच वापरायचे नाहीत. मी शिकलेली बाई, मॅट्रिक पास. पहिले दोन नियम पाळले, कारण ते न पाळल्यास मलाच कसंतरी व्हायचं. तिसऱ्याला मी मनातल्या मनात हसायचे. विटाळ-सुतक काय कॅमेऱ्याला कळतं का, म्हणायचे.

माणसं विचित्र यायची. एका मास्तरांनी वडिलांचा फोटो तीनदा परत आणला, हे बाबा नाहीत म्हणून. मी मोतीबिंदू काढून टाकला होता. शेवटी उजव्या डोळ्यात दुधी ठिपका परत घातला तेव्हा ते काउंटरवर डोकं टेकून रडले. राजूरच्या खाणीत कामाला असलेला एक गडी आईचा फोटो घेऊन आला आणि म्हणाला, तिला माझ्या लग्नात उभी करा. केली. नवरदेवाच्या मागे, हिरवं लुगडं नेसवून. लग्नात ती नव्हती, पण अल्बममध्ये सगळ्यात ठळक तीच दिसते. एक म्हातारी दर दिवाळीला स्वतःचा फोटो आगाऊ काढून घ्यायची. मागच्या वर्षीचा रद्द करा म्हणायची, त्यात मी फारच भोळी दिसते.

आणखी एक गोष्ट बाहेरच्याला कळत नाही. मेल्यावरही माणसाला ऋतू लागतात. पावसाळ्यात काचेच्या आत बुरशी शिरते, आणि का कोण जाणे ती डोळ्यांपासून सुरू होते. आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत असेलच. पश्चिमेच्या भिंतीवरचा माणूस दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो. पितृपक्षात आणि अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, पितरांची घागर भरायच्या दिवसांत, माझ्या दुकानात रांग लागायची. काढा बुरशी, भरा रंग. मला वाटायचं, मी या लोकांच्या दुःखाची डागडुजी करते आहे. गर्व होता मला त्याचा. आता तो अर्धाच उरला आहे, आणि त्याचं कारण संगीता.

त्या वर्षी पोळा होऊन चार-पाच दिवस झाले होते. भर दुपार, लाइट नव्हती, पंखा बंद. दुकानात एक जोडपं आलं. नवरा विलास, पंचविशी-तिशीतला, हातात शेजाऱ्याचा मागून आणलेला फोन. बायको संगीता मागे, डोक्यावरून पदर, पायात चप्पल नाही. त्यांची सहा वर्षांची पोरगी कोमल चार दिवसांपूर्वी शेततळ्यात बुडाली होती. तुम्ही पाहिली असतील ती तळी, आत प्लास्टिक अंथरलेलं, एकदा पाय घसरला की धरायला काही नसतं. विलासनं पाहिलं तेव्हा तो तसाच उडी मारून गेला. पोरीचे सगळे फोटो त्याच्या फोनमध्ये होते आणि फोन त्याच्या खिशात होता. पोरगीही गेली, फोटोही गेले. आधार कार्डावर दीड वर्षाचं गोल बाळ होतं, ते कोणाचंही असू शकलं असतं. राहिला एकच, शेजाऱ्यानं मूठमाती द्यायच्या आधी काढलेला. पोरगी झोपल्यासारखी. डोळे मिटलेले, केस ओले.

लहान लेकराची तेरवी आमच्याकडे कोणी फारशी करत नाही, त्यामुळे घाई नव्हती. घाई झाली ती मला. संगीता काउंटरपाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती, बोलत नव्हती. पापणी लवत नव्हती म्हणा. ती नजर माझ्या अंगावरून हलेना. मला ती बाई दुकानातून लवकर जायला हवी होती, हे मी आज कबूल करते. मी विचारलं, डोळे कोणासारखे होते? विलास म्हणाला, सगळे म्हणत, डिट्टो आईसारखे. मग मी काय केलं असेल? लाइट येताच तिला स्टुलावर बसवलं, कॅमेऱ्याकडे बघ म्हटलं, आणि फोटो घेतला. बुबुळ लहानाचं आणि मोठ्याचं जवळपास सारखंच असतं, फरक भोवतीच्या जागेत असतो. मी ती जागा लेकराची केली. लाली काढली, सूज काढली, पापण्या मऊ केल्या. काम सुरेख झालं. फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली, ते न्यायला आले, संगीतानं बघितलं आणि छातीशी धरून निघून गेली. मी स्वतःवर खूश होते.

नवरात्र संपता संपता विलास एकटा आला. अर्धा झाला होता. म्हणाला, काकू, त्या फोटोचं काहीतरी करा. संगीता शेतात येत नाही, कपाशी फुटून उभी आहे पण तिला त्याचं काही नाही. जेवायला बसली की घास हातातच राहतो. फोटो ज्या खोलीत आहे ती खोली सोडत नाही, पोरीला एकटं वाटेल म्हणते. घरात ज्या कोपऱ्यात बसावं तिथे पोरगी बघतेच म्हणते. आणि दोनदा ती तळ्याच्या काठावर सापडली. विचारलं तर म्हणाली, तीच म्हणून राहिली, चल म्हणून. हे सांगताना तो माणूस माझ्याकडे न बघता बोलत होता. मला कळलं, फोटोबिटो जाऊ द्या, याला बायको जगवायची आहे.

मी आधी त्याला सांगितलं, तिला सरकारी दवाखान्यात ने, डॉक्टरीणबाई बऱ्या आहेत, त्यांच्याशी बोलू दे. त्यानं मान हलवली. मग मी कॉम्प्युटर लावला आणि महिनाभरानं पहिल्यांदा तो चेहरा मोठा करून बघितला. बाई गं. दुपारचे तीन वाजले होते, रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या, आणि माझ्या अंगावर काटा आला. सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडात ते डोळे सगळं जाणून होते. आपण मेलो हे त्या पोरीला माहीत होतं. ती समोरच्याला विचारत होती, तू कुठे होतीस? मी लाली काढली होती, सूज काढली होती. नजर तशीच राहिली होती, चौथ्या दिवसाची. मामाजींच्या तिसऱ्या नियमाचा अर्थ तेव्हा कळला. मामाजी तर केव्हाच भिंतीवर गेले होते, माफी मागायलाही माणूस नव्हता.

तरी मी आणखी एक मूर्खपणा केला. फोल्डरमधून एका हसऱ्या पोरीचे डोळे काढले, कुठल्याशा गॅदरिंगमधली होती ती, आणि कोमलला लावून दिले. विलास घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी तो परत आला, आता संगीतासकट. तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेल्या दोन फ्रेमा. नवी तिनं माझ्यापुढे पालथी ठेवली आणि विचारलं, "हे कोनाची पोरगी होय?"

तिनं दुसरी उघडली, जुनी. तिच्याकडे न बघता मला म्हणाली, "हेच माही. पन काकू, ते मले पाहून राह्यली. रागानं नाही. नुसती पाह्यते. मले घेऊन गेल्याबिगर ते काही जायची नाही."

आता खोटं बोलायला जागा नव्हती. तीस वर्षांत मी कोणालाही सांगितलं नव्हतं की कोणाला कोणाचे डोळे लावलेत. धंद्यात ते सांगायचंच नसतं. त्या दिवशी सांगितलं. म्हटलं, संगीता, हे डोळे कोमलचे नाहीत. तुझे आहेत. तिला पटेना. तिला वाटलं मी तिची समजूत काढते आहे. मग मी गिऱ्हाइकांचा केस विंचरायचा आरसा भिंतीवरून काढला, फ्रेमच्या शेजारी टेकवला. दोन कागद घेतले. एकानं पोरीचं कपाळ आणि नाकाखालचं झाकलं. दुसऱ्यानं आरशात तिचं. इकडे दोन डोळे राहिले, तिकडे दोन डोळे राहिले. महिना उलटला होता, तरी तसूभर फरक नव्हता.

ती एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे. मी कागद धरून उभी. माझे हात भरून आले तेव्हा विलासनं एक कागद धरला. शेवटी ती बोलली, अगदी हळू.

"म्हंजे याच्यात तिचं काहीच नाही?"

मी तिला तो मूळ फोटो दाखवला, डोळे मिटलेला. म्हटलं, हे तिचं आहे. बाकी सगळी माझी कारागिरी. त्या फोटोला तिनं बोटही लावलं नाही. तोंड फिरवलं. मग जायला उठली, दारापर्यंत गेली आणि वळून विचारलं, "माहे डोये सुधरले, त तिचे सुधरतीन का?"

मी हो म्हटलं. विचार न करता म्हटलं. म्हटलं, ये तू अधूनमधून, मी फोटो घेत जाईन. ज्या दिवशी तुझी नजर पहिल्यासारखी होईल त्या दिवशी ती तिला लावून देईन. तोवर ही फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेव. मी देवदेव फारसा करत नाही, नवस बोललेली नाही कधी. पण त्या क्षणी माझ्या तोंडून कोण बोललं हे मला अजून कळलेलं नाही.

दिवाळी झाल्यावर ती आली. स्टुलावर बसली, फोटो घेतला. मी चौथ्या दिवसाचे आणि त्या दिवसाचे डोळे कॉम्प्युटरवर शेजारी लावले. तिलाही दाखवले. ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, नाही. गेली. संक्रांतीच्या सुमाराला आली तेव्हा हातांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते, म्हणजे वेचायला जायला लागली होती. डोळ्यांत नजर तीच, पण आता ती दूर कुठेतरी बघत होती, कॅमेऱ्याच्या मागे. मला माझ्या पाठीमागे वळून बघावंसं वाटलं. बघितलं नाही. उन्हाळ्यात अखजी झाल्यावर आली. म्हणाली, घरच्यांनी पितरांच्या घागरीशेजारी कोमलचं काही ठेवू दिलं नाही, लेकराचं ठेवत नाहीत म्हणून. मग तिनं अंगणात चिमण्यांसाठी एक गडू भरून ठेवला, तिच्या नावानं, आणि रोज भरते. दवाखान्यातही जात होती, डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी झोप लागते म्हणाली. त्या दिवशी विलासच्या आग्रहानं माझ्याकडे डाळीचं वरण आणि पोळी जेवली. मी समोर बसून एकेक घास बघत होते, तिला अवघडल्यासारखं झालं असेल, पण मी उठले नाही.

चार फोटो ओळीनं लावले की एक गोष्ट दिसायची, आणि ती मी इतक्या वर्षांत कधी बघितली नव्हती. दुःख जात नाही. ते डोळ्यांत मागे मागे सरकत जातं, आणि पुढे थोडी जागा होते. उन्हाळ्याच्या फोटोत ती जागा होती. मी मेलेल्यांचे डोळे उघडायला बसले होते जन्मभर, जिवंत माणसाचा डोळा उघडताना पहिल्यांदा बघत होते. मला देव दिसायचा असेल तर तो एवढाच दिसला, आणि मला तेवढा पुरला.

पुन्हा श्रावण आला, पोळा आला. ती आली. मी कॅमेऱ्याची बॅटरी शोधत होते आणि ती माझ्याच हातात होती. पाच मिनिटं मी सगळं दुकान पालथं घातलं, आमच्या ह्यांच्या नावानं ओरडले. संगीता हसली. तोंडावर पदर घेऊन हसली. मी तसाच फोटो घेतला. ते डोळे मी कोमलला लावले. तीन दिवस बसले त्यावर, इतकं मन लावून मी कोणाचं काम केलं नसेल. पोरगी अशी झाली की आता हाक मारेल. नियमाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून ठेवली.

संगीता न्यायला आली, जुनी फ्रेम टॉवेलात गुंडाळून घेऊन. नवी फ्रेम उचलून उजेडात नेली. बराच वेळ बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं मला वाचता येईना, आणि चेहरे वाचणं हे माझं काम. मग ती हसली, थोडंसं, आणि म्हणाली, "लय चांगला झाला काकू. पन हे मी होय."

तिनं फ्रेम काउंटरवर ठेवली आणि तो दुसरा मागितला, मिटलेल्या डोळ्यांचा, ज्याला तिनं वर्षभरापूर्वी बोट लावलं नव्हतं. मी म्हटलं, अगं असा फोटो कोणी भिंतीवर लावत नाही. ती म्हणाली भिंतीवर लावायचा नाहीच, पेटीत ठेवीन, तिच्या फ्राकात गुंडाळून. मी कॉम्प्युटरमधून तो काढला, जसा होता तसा. केस ओले, डोळे मिटलेले. काहीही सुधारलं नाही. तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला, लेकराच्या पापणीवरून फिरवावा तसा.

"झोपली हाय ते," म्हणाली. "झोपू द्या आता."

तेव्हा ती रडली. वर्षभरात पहिल्यांदा, मोठ्यानं, काउंटरला धरून. मीही रडले. आमचे हे आतून बाहेर आले, आमच्याकडे बघितलं आणि शटर अर्धं खाली ओढून बाहेर जाऊन उभे राहिले.

त्यानंतर मी फार दिवस दुकान चालवलं नाही. गरजही राहिली नव्हती. आता मोबाइलवर मेलेला माणूस पापण्या हलवतो, हसतो, मान डोलावतो. माझ्या भाच्यानं मला मामाजींना तसं करून दाखवलं. मी म्हटलं, मेल्या, बंद कर ते. त्याला वाटलं मला आवडलं नाही. मला झोप येईना त्या दिवसापासून. किती जणांना मी असंच उठवून भिंतीवर बसवलं, कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यांनी बघायला लावलं, याचा विचार येतो. बहुतेकांचं बरं झालं असेल. सगळ्यांचं झालं असेल असं आता मी म्हणत नाही.

संगीता जाताना आपल्या डोळ्यांच्या दोन्ही फ्रेमा माझ्याकडे ठेवून गेली. हसऱ्या नजरेची मी उघडून टाकली, काच दुसऱ्या कामाला लावली. पहिली, सुतकातली, माझ्याच्यानं मोडवली नाही. फेकावी तर कुठे? पाण्यात तर सोडवत नव्हतीच. घरी कपाटात आहे, भिंतीकडे तोंड करून. पाऊस संपला की मी ती बाहेर काढते, काच उघडून बुरशी पुसते, कारण आमच्या ह्यांना ती नुसती बघवतही नाही. परवा संगीता बाजारात भेटली. भरली आहे अंगानं. भेंडी जून दिली म्हणून भाजीवाल्याशी असं कडाकडा भांडत होती की मी बाजूला उभी राहून ऐकत राहिले. घरी येऊन कपाट उघडलं, त्या पोरीला बाहेर काढलं आणि सांगितलं, तुझी माय चांगली आहे गं, आज बाजारात भांडली.

तिला पटत नाही. दरवेळी सांगते, तरी ती तशीच बघत राहते. तिचा अजून चौथाच दिवस आहे.